ऑनलाइन वर्गातला चर्चेचा प्लॅटफॉर्म: लिहायला सोपा, शोधायला वैताग

ऑनलाइन कोर्सच्या चर्चा प्लॅटफॉर्मबद्दल कुठेही वाचा, सगळे एकाच गोष्टीचं कौतुक करत बसतात, पोस्ट टाकणं किती सोपं आहे. बटण मोठं आहे, एडिटर छान आहे, इमोजी आहेत, फोटो ओढून टाकता येतो, झालं, पाच स्टार. अहो पण पोस्ट काय, कुठेही टाकता येते. मी आमच्या कोर्सला असलेला प्लॅटफॉर्म शिकवणाऱ्याच्या बाजूने पूर्ण सत्र वापरलाय, वर थोडी रीतसर टेस्टिंगही केलीय, आणि माझं मत असं झालंय की अशा प्लॅटफॉर्मला मार्क द्यायचे तर ते दुसऱ्या मुलाकडे बघून द्यावेत. दुसरा मुलगा म्हणजे जो तोच प्रश्न घेऊन आठवड्याभराने येतो. त्याला आधीचं उत्तर सापडलं तर प्लॅटफॉर्म चांगला, नाही सापडलं आणि त्याने तोच प्रश्न परत टाकला तर बाकी सगळी सजावट.

प्लॅटफॉर्मचं नाव लिहीत नाहीये. आमच्या संस्थेने तो स्वतःसाठी इतका बदलून घेतलाय की मूळ बनवणाऱ्यांना नावं ठेवणं बरोबर नाही, कुठली चूक त्यांची आणि कुठली आमच्या आयटीवाल्यांची हे मला सांगता येणार नाही. तुलनेसाठी मात्र मूडल, कॅनव्हास (कोर्स चालवायची सॉफ्टवेअर) आणि पियाझ्झा (वर्गातल्या प्रश्नोत्तरांचं) यांची नावं येतील, कारण त्यांच्यात कुठली सोय कशी चालते हे सगळ्यांना बघता येतं.

आता टेस्टिंग म्हणजे काय केलं. लोकांना "कसं वाटलं" असं विचारलं तर सगळे "छान आहे" म्हणतात, शिकवणाऱ्याने विचारलं तर दुप्पट छान म्हणतात. म्हणून मत विचारलंच नाही, कामं दिली. असाइनमेंटची तारीख बदललीय का ते शोध. तुझी शंका आधी कुणी विचारलीय का ते बघ, नसेल तर विचार. तू शेवटचा आल्यापासून या चर्चेत नवीन काय आलंय ते सांग. फोनवरून वहीच्या पानाचा फोटो टाक. फक्त या एका चर्चेचे मेल चालू ठेव, बाकीचे बंद कर. आणि मग मागे बसून गप्प बघत राहायचं, हे सगळ्यात अवघड, कारण समोरचा चुकीच्या बटणावर चौथ्यांदा बोट ठेवतो तेव्हा "अरे ते वरचं" असं तोंडातून निघतंच. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सनचं म्हणणं प्रसिद्ध आहे की पाच जणांना बसवलं तरी अडचणींपैकी साधारण ८५ टक्के समोर येतात, त्यावर वाद आहेत, पण ज्यांच्याकडे ना पैसा ना वेळ त्यांच्यासाठी हा सल्ला सोन्यासारखा आहे. फक्त त्याच्याच लेखात पुढे एक गोष्ट आहे जी लोक विसरतात, वापरणाऱ्यांचे गट वेगवेगळे असतील तर प्रत्येक गटातून तीन-चार जण घ्या. वर्गात दोन गट उघड उघड असतात, विचारणारे आणि उत्तर देणारे. शिक्षकांना बसवून टेस्ट केलेला प्लॅटफॉर्म शिक्षकांनाच आवडतो, आमच्याकडे निवडताना हेच झालेलं आहे असं मला पदोपदी जाणवलं.

कामं झाल्यावर प्रत्येकाकडून एसयूएसचा (सिस्टिम युजेबिलिटी स्केल, वापरायला किती सोपं ते मोजायची पट्टी) फॉर्म भरून घेतला. माहीत नसेल त्यांच्यासाठी, ही जॉन ब्रुकने १९८६ मध्ये बनवलेली दहा वाक्यांची प्रश्नावली आहे, प्रत्येक वाक्याला १ ते ५ मध्ये उत्तर द्यायचं. एक वाक्य कौतुकाचं, एक तक्रारीचं, असं आलटून पालटून, त्यामुळे न वाचता सगळीकडे ४ मारणारा लगेच पकडला जातो. विषम नंबरच्या वाक्यांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम नंबरचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळ्याची बेरीज करून २.५ ने गुणायचं, की ० ते १०० मधला आकडा मिळतो. हा टक्का नाही हं. इथे ६८ म्हणजे साधारण सरासरी धरतात, त्यामुळे कुणी "आमच्या सिस्टिमला ६५ मिळाले, फर्स्ट क्लास" असं मिरवत असेल तर ते सरासरीच्याही खाली आहेत. एवढ्या थोड्या लोकांवरून आलेला आकडा छापण्यात अर्थ नाही म्हणून मी तो देत नाही, शिक्षकांचा आणि मुलांचा यात मोठी दरी होती आणि शिक्षक खूश होते एवढंच सांगते.

चांगलं काय ते आधी. लिहायची जागा खरंच उत्तम आहे. गणिताचं समीकरण लेटेकमध्ये (समीकरणं टाइप करायच्या खुणांच्या भाषेत) लिहिलं की खाली लगेच दिसतं, कोड टाकला की इंडेंटेशन मोडत नाही (पायथन शिकवणाऱ्यांना याची किंमत कळेल), फोटो आडवा आला तर तिथल्या तिथे फिरवता येतो. प्रश्न आणि नोंद हे दोन प्रकार वेगळे ठेवलेत, म्हणजे सूचना टाकायचीय की उत्तर हवंय हे आधीच विचारतात, आणि ज्या प्रश्नांना उत्तर नाही ते एका रंगात वेगळे दिसतात. माझ्यासारखीला सकाळी उघडल्या उघडल्या काय उरलंय ते कळतं. पेजही पटकन उघडतं. एवढ्यावर कुणी थांबला तर पाच स्टार देईलच, माझे काही सहकारी देऊनही मोकळे झालेत.

पण लिहिण्याच्या याच जागेत एक भयंकर खड्डा आहे, ड्राफ्ट आपोआप सेव्ह होत नाही. मुलं मोठं उत्तर लिहायला वेळ घेतात, मधे पुस्तक बघतात, दुसऱ्या टॅबमध्ये लेक्चर परत ऐकतात, आणि परत येऊन पोस्ट दाबलं की सेशन संपलंय, लॉगिन करा. लॉगिन केलं की पान कोरं. एकदा असं झालेला मुलगा पुढच्या वेळी काय करतो माहितीये का, वर्ड किंवा नोट्समध्ये लिहितो आणि इथे आणून चिकटवतो, की झालं, समीकरणं मोडली, बुलेट मोडले, फॉन्ट तीन प्रकारचे. मग आपण म्हणायचं मुलं निष्काळजी आहेत. एडिटर कितीही छान असू दे, त्यात लिहायची भीती बसली की तो काय कामाचा.

आता मूळ दुखणं. शोध.

शोधाची चौकट वर उजव्या कोपऱ्यात आहे, ठीक. पण ती शोधते काय तर फक्त शीर्षकं. आतला मजकूर शोधायचा असेल तर "ॲडव्हान्स्ड" वर जायचं, तिथे एक खूण करायची, आणि ती खूण दर वेळी निघून जाते. आता वर्गातली शीर्षकं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. "डाउट". "हेल्प". "सर अर्जंट". "प्रश्न ४ बद्दल", कुठल्या असाइनमेंटचा चार ते देव जाणे. या शीर्षकांत शोधून काय सापडणार? टेस्टिंगमध्ये "ही शंका आधी कुणी विचारलीय का बघ" या कामाला जवळजवळ प्रत्येकाने एकच शब्द टाकून बघितला, काही आलं नाही, आणि खांदे उडवून नवीन पोस्ट टाकली. उत्तर तिथेच होतं, दोन पानं मागे, "मॅम प्लीज" नावाच्या चर्चेत.

त्यात आपल्या भाषेची वेगळी गंमत. मराठीत टाइप करणाऱ्या मुलांसाठी असला शोध म्हणजे शिक्षाच. "परीक्षा" शोधा, "परीक्षेचा" आणि "परीक्षेला" असलेल्या पोस्ट येतच नाहीत, कारण शब्दाचं सामान्यरूप झालं की शेवटचा काना जाऊन मात्रा येते आणि मशीनसाठी ती वेगळीच अक्षरं. "घटक" शोधलं तर निदान "घटकाचा" सापडायची आशा असते, सुरुवात तरी जुळते, पण आकारान्त शब्दांचं काही खरं नाही. त्यात कुणी "असाइनमेंट" लिहितो, कुणी "असाईनमेंट", कुणी रोमन लिपीत, कुणी आकडा मराठी कुणी इंग्रजी. मी काही चमत्कार मागत नाहीये, पण निदान दोन्ही प्रकारचे आकडे एकच समजा की, ते तर चुटकीसरशी होणारं काम आहे. ते होईपर्यंत आम्ही टॅगवर भागवतो, टॅग आधीच ठरवलेल्या यादीतून निवडायचे असतात म्हणून तिथे स्पेलिंगची भानगड नसते. पण टॅग देणं सक्तीचं करता येत नाही, मग ते कोण देतं? तेच जे शीर्षकही नीट लिहितात.

खरा उपाय शोधाच्या चौकटीत नाहीच मुळी. मुलं शोधायला येतच नाहीत, विचारायला येतात. म्हणून जिथे ती असतात तिथेच, म्हणजे शीर्षक लिहिता लिहिताच, खाली "हे बघितलंत का" म्हणून मिळतेजुळते जुने प्रश्न दिसले पाहिजेत. डिस्कोर्स या फोरमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे असतं, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर हे असतं, प्रोग्रामिंगवाल्या मुलांना त्याची सवयही आहे. आमच्याकडे नाही. या एका गोष्टीने डुप्लिकेट प्रश्न किती कमी झाले असते याचा विचार केला तरी मला चिडचिड होते, कारण परीक्षेच्या आठवड्यात तेच उत्तर पुन्हा पुन्हा चिकटवणारी मीच असते. पियाझ्झात प्रत्येक पोस्टला नंबर असतो आणि दुसऱ्या पोस्टमध्ये ॲटचं चिन्ह टाकून तो नंबर लिहिला की लिंक होते, म्हणजे "याचं उत्तर ११२ मध्ये बघ" एवढं लिहून मोकळं होता येतं. आमच्याकडे लिंक कॉपी करायची तर पोस्टच्या तारखेवर क्लिक करायचं. तारखेवर! हे कुणाला सुचणार सांगा.

पुढे चर्चेची मांडणी. उत्तराला उत्तर, त्याला उत्तर, प्रत्येक वेळी थोडं उजवीकडे सरकत जाणारी ती उतरंड. लॅपटॉपवर ठीक दिसते, फोनवर पाचव्या-सहाव्या पायरीला ओळीत दोन शब्द उरतात आणि वाचणारा मान तिरकी करून बसतो. सपाट ठेवायची की उतरंडीची हा वाद फार जुना आहे. १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो नावाच्या शिक्षणाच्याच कॉम्प्युटर सिस्टिमवर डेव्हिड वूली नावाच्या पोराने नोट्स म्हणून प्रोग्राम लिहिला होता, तिथे एक नोंद आणि तिच्या मागे ओळीने उत्तरं अशी सरळ सपाट रांग होती. पन्नास वर्षं झाली, अजून कुणाला पक्कं सांगता येत नाही कुठलं चांगलं. माझ्यापुरतं सांगायचं तर शंका आणि उत्तर यासाठी सपाट बरं, आणि वादविवाद घडवायचा असेल, दहा जण दहा मुद्दे काढणार असतील, तर उतरंड लागते, नाहीतर कोण कुणाला म्हणतंय कळत नाही. मूडलमध्ये बघणाऱ्यालाच निवडता येतं, सपाट जुनं आधी, सपाट नवीन आधी, किंवा उतरंड, आणि ही सोय मला सगळ्यात समजूतदार वाटते. आमच्याकडे शिक्षक ठरवतो आणि सगळ्यांनी तेच बघायचं.

उतरंडीचा खरा त्रास वेगळाच आहे, नवीन पोस्ट मधेच कुठेतरी येते. सपाट रांगेत खाली गेलं की नवीन काय ते कळतं. इथे दुसऱ्या फांदीच्या तिसऱ्या उत्तराला कुणीतरी काल रात्री काहीतरी जोडलंय, ते शोधत वरून खालपर्यंत सगळं परत वाचा. न वाचलेलं वेगळं दाखवणारी खूण आहे, निळा ठिपका, पण चर्चा एकदा उघडली की सगळेच ठिपके एकदम जातात, तुम्ही वाचलं असो नसो. "शेवटचा आल्यापासून नवीन काय" हे काम म्हणून तर टेस्टिंगमध्ये सगळ्यात वाईट गेलं. एका हुशार मुलीने शेवटी ब्राउझरच्या शोधात कालची तारीख टाकून बघितलं. तिचं कौतुक करावं की प्लॅटफॉर्मची कीव, कळेना.

बरोबर उत्तर कुठलं, हेही धड दिसत नाही. एका प्रश्नाखाली आठ उत्तरं, त्यातली तीन चुकीची, दोन अर्धवट, आणि शिक्षकाचं उत्तर सहाव्या नंबरला. दुसरा मुलगा पहिलं उत्तर वाचून जातो, ते चुकीचं असेल तर चूक घेऊन जातो. पियाझ्झाची युक्ती इथे मला फार आवडते, तिथे प्रश्नाखाली मुलांचं मिळून एकच उत्तर आणि शिक्षकांचं एकच उत्तर, विकीसारखं सगळ्यांनी तेच सुधारत जायचं, आणि मुलांचं उत्तर बरोबर असेल तर शिक्षक त्यावर पसंतीची खूण करतो. उरलेली बडबड खाली फॉलोअपमध्ये. त्यामुळे नंतर येणाऱ्याला दोनच चौकटी वाचायच्या असतात. याचा तोटाही आहे, वाद घालायच्या विषयात "एकच उत्तर" ही कल्पनाच चालत नाही, इतिहासाच्या किंवा साहित्याच्या वर्गाला ते कपडे बसणार नाहीत. पण आमच्या प्लॅटफॉर्ममध्ये निदान शिक्षकाने खूण केलेलं उत्तर वर यायला काय हरकत होती? खूण आहे, हिरवी आहे, छान आहे, पण उत्तर जागचं हलत नाही.

पियाझ्झावरून आठवलं. पूजा शंकरने ते २००९ मध्ये सुरू केलं, आणि त्यामागची तिची गोष्ट तिने स्वतः बऱ्याच ठिकाणी सांगितलीय, आयआयटी कानपूरला कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात मुली अगदी मोजक्या, बाकीची मुलं एकमेकांना विचारून सोडवायची आणि तिला विचारायला संकोच वाटायचा. म्हणून तिथे नाव लपवून विचारायची सोय आहे, आणि तीही दोन प्रकारची, फक्त वर्गातल्या मुलांपासून लपवायचं, किंवा शिक्षकाने परवानगी दिली असेल तर सगळ्यांपासून. आमच्याकडेही नाव लपवायची सोय आहे, पण बटणावर नुसतं "अनामिक" लिहिलंय. कुणापासून? शिक्षकाला दिसतं का? मार्क देताना दिसतं का? काहीच लिहिलेलं नाही. मी मुलांना विचारलं तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. प्रत्यक्षात शिक्षकाला नाव दिसतं, आणि मला तरी ते योग्य वाटतं, नाहीतर आचरटपणा कोण आवरणार, पण ते बटणाखाली एका ओळीत लिहा ना. ज्या मुलाला खरंच भीती वाटतेय तो अशा धूसर बटणावर विश्वास ठेवत नाही, तो प्रश्नच विचारत नाही, आणि न विचारलेला प्रश्न कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

आता ते "आधी तुमचं उत्तर टाका, मग इतरांची दिसतील" प्रकरण. कल्पना चांगली आहे, कॉपी होऊ नये. कॅनव्हासमध्येही हे सेटिंग आहे, मूडलमध्ये तर त्यासाठी वेगळा फोरमचा प्रकारच आहे. आमच्याकडे चालू केल्याबरोबर काय झालं असेल? मुलांनी नुसतं एक टिंब पोस्ट केलं, सगळ्यांची उत्तरं उघडली, वाचली, आणि टिंब खोडून तिथे उत्तर लिहिलं. पोरं हुशार असतात हो. मूडलवाल्यांनी याचा विचार करून ठेवलाय, तिथे पोस्ट टाकली तरी ती बदलायची मुदत संपेपर्यंत, मूळ सेटिंगप्रमाणे ३० मिनिटं, दुसऱ्यांची उत्तरं दिसत नाहीत. म्हणजे टिंब टाकून अर्धा तास थांबलात तरी नंतर ते टिंब बदलता येत नाही. असं छोटंसं डोकं लावलेलं दिसलं की बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी वर्गात उभं राहिलेलं असावं असं वाटतं.

मेलबद्दल जास्त लिहीत नाही कारण तुम्ही सगळेच त्रासलेले असाल. मुळात सगळं चालू येतं, प्रत्येक पोस्टला मेल, "थँक यू मॅम" लाही मेल. पहिल्या आठवड्यात मुलं फिल्टर लावून सगळं कचऱ्यात पाठवतात, मग परीक्षेची तारीख बदलल्याचा मेलही तिकडेच. दिवसाचा एकच गोषवारा पाठवायची सोय आहे पण ती प्रोफाइलमध्ये, प्राधान्यक्रमांमध्ये, संवादामध्ये, अशी तिसऱ्या दाराआड आहे. मेलमध्येच खाली "यापुढे दिवसातून एकदाच पाठवा" अशी लिंक दिली असती तर काम झालं असतं. एकच चर्चा चालू ठेवून बाकी बंद करायचं काम मुलांपैकी कुणालाच मदतीशिवाय जमलं नाही, आणि शिक्षकांपैकी ज्यांना जमलं त्यांनी ते आधीच कुणाला तरी विचारून ठेवलं होतं.

फोनवर. बहुतेक मुलं फोनवरच असतात हे आता वेगळं सांगायला नको, पण प्लॅटफॉर्म बनवणाऱ्यांना सांगायला हवं असं दिसतंय. उत्तर द्या, लाइक, तक्रार करा, ही तीन बटणं इतकी चिकटून आहेत की लाइक करायला गेलेल्याने मित्राच्या पोस्टची तक्रार केली असे प्रकार झाले, आणि तक्रार मागे घेता येत नाही. वेब सुलभतेचे जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत बटण निदान २४ बाय २४ पिक्सेल असावं किंवा आजूबाजूला तेवढी मोकळी जागा असावी असं तीनपैकी मधल्या पातळीला सांगितलंय, आणि २४ म्हणजे काही फार मागणं नाही. फिकट करड्या अक्षरातली तारीख आणि नाव तर उन्हात वाचताच येत नाही, तिथेही नेहमीच्या आकाराच्या मजकुराला ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक) लागतो, फुकट मिळणाऱ्या टूलमध्ये रंग टाकून बघा, आमचा नापास होतो. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या एका सहकाऱ्याने दाखवलं की उतरंडीतली पायरी त्याला ऐकूच येत नाही, त्याच्यासाठी सगळ्या पोस्ट एकाच रांगेत, कोण कुणाला उत्तर देतंय याचा पत्ता नाही. डोळ्यांनी दिसणारं ते उजवीकडे सरकणं म्हणजेच सगळी माहिती, आणि ती फक्त डोळ्यांनाच दिलेली. वहीच्या पानांचे फोटो ही आणखी एक पंचाईत, फोटोला वर्णन लिहायची जागा आहे पण विचारत नाही, त्यामुळे कुणीच लिहीत नाही, आणि फोटोतला प्रश्न ना त्याला वाचता येतो ना शोधात सापडतो.

शिक्षकांसाठी मार्कांचं पान मस्त आहे, मुलाच्या नावावर टिचकी मारली की त्याच्या सगळ्या पोस्ट एका खाली एक येतात, तिथेच मार्क देता येतात. शिक्षक का खूश होते ते इथे कळतं. फक्त प्रत्येक नावापुढे पोस्टची संख्या मोठ्या आकड्यात येते, आणि ती मुलांनाही दिसते. एक पोस्ट आणि दोन प्रत्युत्तरं अशी अट घातली की शेवटच्या रात्री "छान मुद्दा मांडलास, मी सहमत आहे" यांचा पाऊस पडतो. निल्सनने २००६ मध्ये लिहिलेला ९०-९-१ चा ठोकताळा आहे, ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण सारखा लिहितो. वर्गात मार्कांच्या धाकाने त्या नव्वदांना लिहायला लावता येतं, पण वाचायला लावता येतं का? आणि ते वाचतात तेव्हा त्यांची नोंद कुठेच नाही. सगळं वाचून, आपली शंका सुटून, शांतपणे निघून गेलेला मुलगा या पानावर शून्य दिसतो. वास्तविक प्लॅटफॉर्मचं खरं यश तोच आहे. निदान "माझाही हाच प्रश्न होता" असं एक बटण द्या, म्हणजे त्याचीही हजेरी लागेल आणि कुठली शंका किती जणांना होती ते मलाही कळेल.

तर घ्यावा का? पन्नासेक मुलांचा वर्ग असेल आणि शिक्षक रोज डोकावणारा असेल तर चालेल, तेवढ्या चर्चा डोक्यात राहतात, शोधायची वेळ येत नाही. वर्ग मोठा असेल, किंवा तीन-चार जण मिळून उत्तरं देणार असतील, तर मी घेऊ नका म्हणेन. आधीच गळ्यात पडला असेल तर पहिल्या दिवशी एवढं करा, मेलचं मूळ सेटिंग दिवसातून एकदावर आणा, शीर्षकाचा नमुना ठरवून सगळ्यात वर चिकटवा (असाइनमेंट, प्रश्न क्रमांक, नेमकं कुठे अडलंय), शंकांसाठी सपाट मांडणी निवडा, पोस्टसंख्या मुलांना दिसणं बंद करा, ते सेटिंग ग्रेडबुकमध्ये लपलंय, आणि नमुन्यात न बसणारी शीर्षकं स्वतः बदलत जा. शिक्षकाला दुसऱ्याचं शीर्षक बदलता येतं, ते फार जणांना माहीत नाही. मी रोज चहा घेता घेता तेवढंच करते आता, "मॅम प्लीज" चं "असाइनमेंट ३, प्रश्न ४, उत्तर ऋण का येतं" असं करून टाकते, आणि डुप्लिकेट खरंच कमी झालेत.

हे सगळं आयटीवाल्यांना लिहून दिलंय. ड्राफ्ट सेव्ह होण्याचं पुढच्या अपडेटमध्ये येईल म्हणाले, तक्रारीचं बटण लगेच लांब हलवलं. शोधाबद्दल विचारलं तर "ॲडव्हान्स्डमध्ये आहे ना" असं उत्तर आलंय.